मातेची लुगडी आणि नवी बाकडी

ये गं, अशी जवळ सरक. हा कागद हातात धरलास म्हणजे मीच समोर बसलेय असं समज, आणि आधी मला थोडं रागावून घेऊ दे. दिवाळीत आलीस, बिर्याणी खाल्लीस, चारमिनारसमोर उभी राहून फोटो काढून घेतलेस आणि गेलीस. आजीनं एवढंच मागितलं होतं, एक दुपार माझ्यासाठी ठेव, तुला एक जुनं चर्च दाखवायचंय. ठेवलीस का? आणि आता पुण्याहून फोन करतेस, की आजी, कॉलेजात जुन्या इमारतीची चित्रं काढून द्यायची आहेत, तुझ्या त्या चर्चचे फोटो पाठव. पाठवले की मी. तू म्हणालीस, सगळे हललेत. हलणारच. तिथं आत गेलं की उजेडच हलतो, त्याला माझा फोन काय करणार.

म्हणून लिहिते. शाळा माझी चौथीतच सुटली, पण सुलतान बाजारातल्या फुटपाथवरची जुनी पुस्तकं वाचून वाचून अक्षर तुला लागण्याइतकं झालंय.

आता तिकडे गेलीस तर गाव कुठं संपलं आणि शहर कुठं लागलं ते कळणार नाही. कुकटपल्लीच्याही पुढं, बस जिथं अर्धी रिकामी होते, तिथनं आत वळायचं. तुझ्या आजोबांना कारखान्यात काम लागलं तेव्हा आम्ही मराठवाड्यातनं उठून आलो आणि तिथं एक खोली घेतली. त्या वेळी ते खरोखरीचं खेडं होतं. सीताफळाची झाडं, ज्वारीची शेतं, कुणी खेळता खेळता रचून विसरून गेल्यासारखे एकावर एक ठेवलेले मोठाले दगड, आणि त्यांच्या मधोमध ते चर्च. गावातली माणसं त्याला गुडीच म्हणायची, म्हणजे देऊळ.

म्हणतात, निजामाच्या काळात इटलीकडचे पाद्री आले, नकाशा त्यांनी काढला. पण बांधलं इथल्याच गवंड्यांनी. मग झालं काय, उंची त्यांची आली आणि कमानी आपल्या. दाराची कमान बघशील तर एखाद्या मशिदीचीच वाटेल. वर्षानुवर्षं जे वळण हाताला बसलंय तेच उतरणार ना. जोतं करड्या दगडाचं. ज्या टेकडीतनं तो काढला ती टेकडी अजून मागं उभी आहे, एका बाजूनं चावा घेतलेल्या भाकरीसारखी. भिंती एवढ्या जाड, की खिडकीच्या कोनाड्यात मी तुझ्या आईला मांडी घालून बसवायची आणि ती तिथंच झोपून जायची. आतला चुना इतका घोटलेला, की गाल टेकवला तर माठाला टेकवल्यासारखं वाटायचं. वर सागवानी तुळया, त्यावर मंगलोरी कौलं. एखादं कौल सरकलं की तिथून उन्हाची काठी खाली उतरायची, धुळीनं भरलेली, आणि मला वाटायचं हिला धरून वर जाता येईल.

मी पहिल्यांदा आत गेले ती देवासाठी नाही, गारव्यासाठी. चैत्रातली दुपार, पत्र्याची खोली, कडेवर तुझी आई. दार उघडं दिसलं, शिरले. आतल्या अंधारातनं आवाज आला, "चपला बाहेर."

ती माझी वदिना. वदिना म्हणजे तेलुगूत वहिनी. नातं काही नाही, पण तीही मला वदिना म्हणायची आणि मीही तिला. या नात्यात तिकडं एकमेकींना टोमणे मारायची मुभा असते, ती आम्ही दोघींनी पुरेपूर वापरली. घर तिचं आमच्या खोलीला लागूनच. सासूकडून तिला गुडीतलं एक काम आलेलं, मातेला, म्हणजे देवाच्या आईच्या मूर्तीला, साडी नेसवायचं.

"बाहेर ऊन पोळतंय," मी म्हटलं, "चपला काढल्या तर पाय भाजतात."

"मग पळत ये. सगळे पळतच येतात."

पळत आले. आणि पायाखाली ती शहाबादी फरशी लागली, गार, अंगाला तेल लावल्यासारखी गुळगुळीत. बाकडी नव्हती तेव्हा. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, सगळे चटईवर. दारापासून मातेच्या कोनाड्यापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे अनवाणी पाय गेलेले, त्यामुळे फरशीला एक उथळ पन्हळ पडली होती. डोळे मिटून चाललं तरी ती पन्हळ आपल्याला घेऊन जायची. मी चालून बघितलंय. झोपेत कुणी हात धरून नेतंय असं वाटतं.

दाराशी भिंतीत पाण्याची दगडी वाटी, येणारा बोटं बुडवून कपाळाला लावतो. समोरची वेदी संगमरवराची, असं मला वाटलं होतं. हात लावला तर कोमट. लाकूडच ते, वरून दगडासारख्या शिरा रंगवलेल्या. वेदीपुढं लाकडी कठडा, त्याची कड हजारो हातांनी गोल झालेली. बाजूला पापं कबूल करायचा लाकडी खोपा, मधे जाळी. तुझी आई त्याला तिकीटघर म्हणायची. आणि दारावर उंच गोल खिडकी, निळ्या-पिवळ्या काचांची, एक फुटली होती तिथं कुणी हिरव्या बाटलीची काच बसवलेली. दार पश्चिमेला. दुपार कलली की त्या खिडकीतनं रंग आत उतरायचे, आधी दाराशी, मग हळूहळू फरशीवरून पुढं सरकत, माणसांच्या पाठीवरून, डोक्यावरच्या पदरांवरून, कठड्यावर चढायचे. शेवटी निळा तुकडा मातेच्या पायांशी जाऊन थांबायचा आणि विझायचा. आम्ही दोघी ते बघत बसायचो. पोटात भूक असायची, घरी काम पडलेलं असायचं, पण उठवायचं नाही.

माता डावीकडच्या कोनाड्यात. कोनाड्याचं छत निळं, वर सोनेरी चांदण्या. मूर्तीचा चेहरा आणि हात तेवढे कोरलेले, गोरे, परदेशी. मानेखाली नुसता लाकडी सांगाडा, दोन काठ्यांवर उभा. म्हणूनच नेसवावं लागतं. दर सणाला नवी साडी, जुनी मागच्या खोलीतल्या सागवानी पेटीत. विकायची नाही, टाकायची नाही.

एका सणाच्या आदल्या दिवशी वदिनाचं मनगट मुरगळलं. म्हणाली, "तू नेसव. निऱ्या तुला येतात ना?" मला वाटलं, साडी नेसवायला काय येत नाही. पण माझ्या हाताला तेव्हा एकच नेसण ठाऊक होतं. मूर्ती लहान, साडी लांब, दोन काठ्यांमधनं काष्टा असा झकास बसला, की मी स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

सकाळी गुडीत कुजबूज. पुढं बसलेली एक म्हातारी मातेकडं बघून म्हणाली, "माता आज भात लावायला निघाली वाटतं." वदिनानं माझ्याकडं असं बघितलं, की मला तिकीटघरात जाऊन लपावंसं वाटलं. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "हसता काय गं. माझी सासू अशीच गोची मारायची." गोची म्हणजे त्यांच्याकडचा काष्टा. मग तिसरीला तिची आई आठवली, चौथीला आजी. कुणी बदलू दिलं नाही. सण संपेपर्यंत माता काष्ट्यातच राहिली. वदिना मात्र जन्मभर ऐकवत आली, "माझ्या मातेला हिनं मजुरीला लावलं."

पुढं तुझ्या मामानं कुकटपल्लीत फ्लॅट घेतला, आम्ही तिकडं गेलो. माझं जाणं-येणं चालूच होतं. वदिनाचे डोळे मात्र काचबिंदूनं नेले. आधी कडेकडेचं दिसेना, मग नळीतनं बघितल्यासारखं, मग तेही गेलं. गाव एव्हाना शहर झालेलं. घरासमोर रस्ता, रस्त्यावर ऑटो, मोटारसायकली, पाण्याचे टँकर. सून चांगली आहे, हात धरून सगळीकडं नेते. पण गुडीच्या दाराशी आलं की वदिना हात सोडवून घ्यायची. वाटीत बोटं बुडवायची, तळपाय पन्हळीत ठेवायची आणि एकटी चालत मातेपर्यंत जायची. डोक्यावर पदर, मान ताठ. नवखं माणूस बघेल तर त्याला कळणार नाही की हिला दिसत नाही.

एकदा मला म्हणाली, "वदिना, बाहेर मला सगळे कुठून तरी कुठं तरी नेऊन ठेवतात, पिशवीसारखं. इथं तेवढी मी जाते."

हे वाक्य लक्षात ठेव. पुढचं सगळं त्यावर आहे.

मग गुडीचं काम निघालं. निघायलाच हवं होतं, कौलं गळत होती, एका तुळईला वाळवी लागलेली. फादर तरुण आहेत, मायाळू आहेत, सगळ्यांना विचारूनच केलं. म्हातारी माणसं म्हणाली, खाली बसवत नाही, गुडघे दुखतात, बाकडी करा. फरशीच्या पन्हळीत पाणी साचायचं, एकदोघं घसरली होती, तर ठरलं की टाइल्स घाला. वदिनाही हो म्हणाली होती गं. बाकड्यांसाठी तिनंही हात वर केला होता. ती म्हातारीच ना, तिलाही गुडघे होतेच.

नंतर मी गेले तेव्हा ती घरात खाटेवर बसलेली, शेंगा सोलत.

"गुडीत नाही गेलीस?"

"गुडघे."

"गुडघ्यांसाठीच तर बाकडी केली."

ती शेंगा सोलत राहिली. सून चहा घेऊन आली आणि मला डोळ्यानं खुणावून बाहेर घेऊन गेली. म्हणाली, काम झाल्यावर पहिल्या दिवशी त्या नेहमीसारख्या हात सोडवून आत गेल्या. नवी टाइल सपाट, कुठल्याच बाजूला नेत नाही. बाकड्याच्या कोपऱ्यावर नडगी आपटली, वळल्या तर दुसऱ्या बाकड्यात शिरल्या, आणि मग मधेच उभ्या राहिल्या. सगळी गुडी बघत होती. शेवटी मीच जाऊन त्यांचा हात धरला, सून म्हणाली. त्या दिवसापासून येतच नाहीत, म्हणतात गुडघे.

मी आत गेले तेव्हा वदिना म्हणाली, "सांगितलं तिनं सगळं?"

"सांगितलं."

"मग आता चहा पी. गार होतोय."

त्याच सुमारास मागच्या खोलीतली सागवानी पेटी पॉलिशला गेली होती आणि आतली मातेची लुगडी सुनेनं गाठोडं बांधून घरी आणून ठेवलेली. काही इतकी विरलेली, की उजेडाला धरली तर पलीकडचं दिसावं. वदिना म्हणाली, "तू गोधड्या शिवतेस ना, यांचं काही तरी कर. पडून पडून फाटतील."

झालं. माझ्या डोक्यात एक चित्र आलं आणि ते मला झोपू देईना. गाठोडं मी कुकटपल्लीला नेलं. तुझी मामी म्हणाली, "हॉलमध्ये हा पसारा किती दिवस?" मी म्हटलं, होईपर्यंत. लांबलचक पट्टी शिवायला घेतली, वीतभर जाडीची नाही, पण तळपायाला कळेल एवढी. आतमधे सुती, वरून जरीकाठाचे तुकडे, आणि दोऱ्याचे धावते टाके सगळे एकाच दिशेनं, दाराकडून मातेकडं. शिवताना मधेच डोळा लागायचा आणि मी त्या पट्टीवरून चालत असायची, खाली फरशी नाही, नुसतं निळं पाणी, आणि पट्टी पाण्यावर तरंगतेय. जागी व्हायची तर सुई बोटात.

एका दुपारी नेऊन अंथरली. गुडीत कुणी नव्हतं. दारापासून मातेच्या कोनाड्यापर्यंत बरोबर पुरली. मग वदिनाला घेऊन आले. सांगितलं काही नाही, फक्त दाराशी उभी केली आणि म्हटलं, "पाऊल टाक."

तिनं उजवं पाऊल उचललं. अंगठा टेकला, आणि थांबली. खाली बसली आणि बोटांनी चाचपू लागली. काठावरून बोटं हळू फिरली.

"ही रुईफुली काठाची. आपण सुलतान बाजारातनं आणली होती."

"हौ."

"तू काष्टा मारलेली."

"तीच."

तिनं पाय मागं घेतला. "हिच्यावर पाय ठेवू?"

मी म्हटलं, अगं आमच्याकडं आईचं जुनं लुगडं गोधडीतच जातं. पोरं त्यावर निजतात, रांगतात, मुततातसुद्धा. कुणी विचारत नाही पाय कुणाचा.

"पोर आईच्या अंगावर निजतं," ती म्हणाली. "पायात वहाणेसारखं घालत नाही तिला. तुमच्या गावात देवीच्या लुगड्यावरून चालतात का, सांग."

नाही चालत. आमच्या देवीचं लुगडं कुणी जमिनीला टेकवूही देत नाही, खणासारखं जपून घडी घालून ठेवतात. हे मला शिवताना एकदाही सुचलं नव्हतं. माझ्या हाताला जुनी साडी दिसली की गोधडी दिसते, आणि गोधडी दिसली की ती खाली अंथरायची. एवढे दिवस माझ्या डोक्यात वदिनाचे पायच होते.

मला रडू आलं, ते तिला आवाजावरून कळलं. म्हणाली, "आता तू रडलीस तर मला धरून घरी कोण नेईल? गुंडाळ ती."

गुंडाळली. दोघी एका नव्या बाकड्यावर बसलो, गुंडाळी दोघींच्या मांडीवर. तिथं बसायची तिची पहिलीच वेळ. बाकड्याला वॉर्निशचा वास. बाहेर टँकरचा हॉर्न, आत पारवे. खिडकीतले रंग दाराशी उतरलेले, काम करताना ती काच कुणी बदलली नाही, हिरवी बाटलीसुद्धा तशीच आहे. तिचा एक हात गुंडाळीवर, दुसरा बाकड्याच्या टोकावर.

मग ती म्हणाली, "पायाला नको. हाताला चालेल."

"काय?"

"मातेचा पदर हातात धरायला काही हरकत नाही. आपण धरतोच."

मला समजायला वेळ लागला. ती उठली, आणि माझा हात बाकड्याच्या टोकावर ठेवून म्हणाली, "इथं बांध."

तिथंच बसून आम्ही ती पट्टी उसवायला लागलो. मी कात्रीनं टाका तोडायची, ती दोरा ओढायची. शिवताना जेवढं सुख झालं होतं तेवढंच उसवताना झालं, खोटं वाटेल तुला. पुढच्या काही दुपारी तिनं लुगड्यांच्या चिंध्यांच्या वेण्या घातल्या, तीनपदरी, पोरींचे केस विंचरावेत तशा. दिसत नसताना एक पदर इकडचा तिकडं झाला नाही. आणि मी त्या डावीकडच्या प्रत्येक बाकड्याच्या टोकाला बांधत गेले, दारापासून पुढं. दाराजवळ जाडीभरडी सुती, मग रेशीम मिसळलेली, शेवटच्या बाकड्याला ती रुईफुली काठाची. हाताला काय लागलं त्यावरून कुठं आलो ते कळावं म्हणून.

फादर आले, कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. मला वाटलं आता काढायला सांगतील. म्हणाले, "सणाला अजून वेळ आहे की."

वदिना म्हणाली, "आम्ही लवकर सुरू केलं, फादर. म्हाताऱ्या आहोत, हात हळू चालतात."

"आणि सण झाल्यावर?"

"पुढच्या सणाची तयारी."

ते हसले आणि दगडी वाटीत पाणी घालायला गेले. अजून आहेत वेण्या. आता बायका जाता-येता त्यांना हात लावून डोळ्याला लावतात.

ती चालली तो दिवस सांगते आणि पुरे करते. दुपार कललेली. दाराशी तिनं सुनेचा हात सोडवला. वाटीत बोटं बुडवली. मग पहिल्या वेणीवर हात, मग दुसरीवर. मधे हवेत हात जायचा तेव्हा माझा श्वास अडकायचा आणि वेणी लागली की सुटायचा. प्रत्येक लुगडं ती ओळखत होती, ओठ हलत होते, कुठल्या सणाचं, कुणी दिलेलं. शेवटच्या वेणीशी जरा जास्त थांबली. तिथून पुढं बाकडी नाहीत, कठड्यापर्यंत मोकळी टाइल आणि डावीकडं माता. तिथं हाताला काही नाही. ते आम्ही दोघी विसरलोच होतो.

सून पुढं निघाली, मी तिचा पदर धरला.

वदिना नुसती उभी राहिली, हात थोडे पुढं करून. रंग तिच्या पाठीवरून चढले आणि निळा तुकडा पुढं टाइलवर पडला. तिनं एक पाऊल टाकलं, तळपाय फिरवला, थोडा डावीकडं घेतला. पुन्हा एक. चाचपत नव्हती, पाण्यात उतरताना कसं उतरतो तसं. नंतर विचारलं तर म्हणाली, पिवळ्यातली टाइल ऊन लागते, निळ्यातली गार, मी गारातनं गेले. मी नंतर स्वतः पाय ठेवून बघितलं. मला कधी वाटतं कळतं, कधी वाटतं नाही कळत. पण तिचा हात बरोबर मातेच्या पदराला लागला, आणि तिनं वळून, मी जिथं नव्हते तिथं बघत म्हटलं, "वदिना, ही नीट नेसवली नाहीये. निऱ्या सुटल्यात."

आता सण जवळ आलाय. वर्षभर हात लागून लागून दाराजवळच्या वेण्या विरल्यात, नव्या घालायच्यात, आणि आमच्या दोघींची बोटं आता आखडतात. वदिनाला मी सांगितलं, नात इमारतींचं शिकते, तिला चर्चचे फोटो हवेत. म्हणाली, "फोटो कशाला? तिला म्हणावं ये. मी हात धरून दाखवते सगळं." तेव्हा फोन ठेव घरीच, मोजायची टेप आण, आणि काष्टा मारायला शिकून ये, कारण यंदा माता पुन्हा काष्ट्यात असणार असं म्हाताऱ्यांनी ठरवलंय. दुपारीच पोचायला हवं, रंग दाराशी असतानाच. या खेपेला चारमिनार राहू दे, तो कुठं जात नाही. तू लवकर ये.